अडीच कोटींचं बक्षीस लागलंय, पण गावभर होऊ द्यायचं नाही

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. राज्य लॉटरीच्या बंपर सोडतीत तुमच्या तिकिटाला अडीच कोटींचं पहिलं बक्षीस लागलंय. तुम्ही तालुक्याच्या गावी राहता, एमआयडीसीत नोकरी करता, वर्षाला पाच लाखांच्या आसपास पगार आहे. शेती दोन भावांबरोबर सामाईक आहे आणि आई तुमच्याकडे असते. तिकीट अजून जमा केलेलं नाही. बायकोशिवाय कुणाला ठाऊक नाही. नाव बाहेर न येता पैसे घ्यायचे कसे, ठेवायचे कुठे आणि भावांना सांगायचं का, एवढं तुम्ही विचारलंय.

मी चार्टर्ड अकाउंटंट आहे, जिल्ह्याच्या गावी प्रॅक्टिस करतो. लॉटरी लागलेले अशील थोडेच आले, पण हाती एकदम रक्कम आलेली माणसं पुष्कळ पाहिली. कुणाला महामार्गाच्या भूसंपादनाचा मोबदला मिळालेला, कुणी बिल्डरला जमीन दिलेली, कुणी व्हीआरएस घेतलेली. या सगळ्यांत मला एक गोष्ट दिसली. बातमी लॉटरीच्या कार्यालयातून क्वचितच फुटते. ती फुटते बँकेच्या शाखेतून, चावडीवरच्या नोटिशीतून आणि दारात उभ्या राहिलेल्या नव्या गाडीमुळे. त्यामुळे तिकीट गुपचूप जमा कसं करायचं हा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. पुढची दोन वर्षं कसं वागायचं, हा खरा प्रश्न आहे.

आधी तिकीट. पहिलं बक्षीस म्हणजे ते मूळ तिकीटच तुमचा पुरावा. फोटोला किंमत नाही. मागच्या बाजूला नाव-पत्ता लिहून सही करा, दोन्ही बाजूंची झेरॉक्स स्वतः काढा (गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याकडे नको, हे सांगायला नको) आणि तिकीट कोऱ्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा. लॅमिनेशन अजिबात करू नका. दावा करायची मुदत असते आणि ती दर राज्याची वेगळी. तुम्ही कोणत्या राज्याची सोडत ते लिहिलेलं नाही, म्हणून तिकिटामागच्या अटी आजच नीट वाचा. मुदतीत दावा न केलेलं बक्षीस सरकारजमा होतं.

दावा थेट त्या राज्याच्या लॉटरी कार्यालयात करा, स्टॉलवाल्यामार्फत नको. त्याचा व्यवसायच असा आहे की 'आमच्याकडे घेतलेल्या तिकिटाला पहिलं बक्षीस' असा फ्लेक्स लावला की पुढच्या बंपरची तिकिटं खपतात. तो तुम्हाला ओळखत असेल तर तेवढी फट राहणारच. ओळखत नसेल तर आपणहून ओळख करून देऊ नका. कार्यालयात अर्जासोबतच एक साधं पत्र द्या: माझं नाव, छायाचित्र वा गाव प्रसिद्धीसाठी वापरायला माझी संमती नाही. पोच घ्या. याने शंभर टक्के हमी मिळत नाही, पण हार घालून फोटो काढायचा आग्रह बहुधा तिथेच थांबतो.

तो फोटो किती महागात पडतो ते केरळात दिसलं. २०२२ च्या ओणम बंपरचं २५ कोटींचं बक्षीस तिरुवनंतपुरमच्या एका रिक्षाचालकाला लागलं. त्याच दिवशी त्याचं नाव आणि चेहरा देशभरच्या वाहिन्यांवर. काही दिवसांतच त्याने जाहीरपणे सांगितलं की मदत मागणाऱ्यांची दारात रीघ लागलीय, स्वतःच्या घरात राहणं मुश्कील झालंय, आणि यापेक्षा लहान बक्षीस लागलं असतं तर बरं झालं असतं. तोवर पैसे त्याच्या हातात पडलेही नव्हते! नंतरच्या काही विजेत्यांनी नाव जाहीर करू नका असं लॉटरी खात्याला आधीच कळवलं. केरळ सरकारने विजेत्यांसाठी अर्थनियोजनाचं प्रशिक्षणही सुरू केलं.

आणखी एक सावधगिरी. बातमी थोडी जरी फुटली तरी एखादा 'पार्टी आहे' म्हणत येतो: तिकीट मला द्या, कर कापून मिळतात त्यापेक्षा दहा-वीस लाख जास्त देतो, रोख. त्याला काळा पैसा पांढरा करायचा असतो. त्यात पडलात तर मनी लाँडरिंगच्या गुन्ह्यात तुम्हीही आलात आणि हातात उरली हिशेब न देता येणारी रोकड. उलट बाजूने, बक्षीस सोडवायला आधी कर भरा म्हणून कुणाचा फोन आला तर तो फसवणुकीचाच. खऱ्या लॉटरीत कर बक्षिसातूनच कापला जातो.

आता कर. इथेच बहुतेकांचं गणित चुकतं, म्हणून सविस्तर सांगतो. लॉटरीच्या बक्षिसावर सरसकट ३० टक्के कर आहे. त्यातून ना ८०सीची वजावट, ना तिकिटांचा खर्च, ना मूळ करमाफीची मर्यादा. (१९६१ च्या कायद्यात हे कलम ११५बीबी होतं. २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे आकडे बदललेत, त्यात अडकू नका.) लॉटरी खातं ३० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर) कापून बाकीचे देतं आणि माणूस समजतो, कर मिटला. तो मिटलेला नसतो. त्या करावर अधिभार (मोठ्या उत्पन्नावरचा जादा कर) लागतो आणि दोन्ही मिळून ४ टक्के उपकर लागतो. निवासी माणसाच्या टीडीएसमध्ये हे दोन्ही धरलेले नसतात.

तुमच्या अडीच कोटींवर ३० टक्के म्हणजे ७५ लाख. उत्पन्न दोन ते पाच कोटींत, म्हणून अधिभार २५ टक्के, म्हणजे १८ लाख ७५ हजार. बेरीज ९३ लाख ७५ हजार, तिच्यावर उपकर ३ लाख ७५ हजार. एकूण कर ९७ लाख ५० हजार. टीडीएस कापला जाईल ७५ लाख. म्हणजे तुमच्या खात्यात १ कोटी ७५ लाख येतील, पण त्यातले साडेबावीस लाख सरकारचे आहेत आणि ते तुम्ही स्वतः भरायचे आहेत. काही योजनांत आधी एजंटचं कमिशन कापतात, मग आकडे बदलतील. केरळच्या त्या २५ कोटींतून १० टक्के कमिशन आणि मग ३० टक्के कर जाऊन १५ कोटी ७५ लाख उरले, असं सगळीकडे छापून आलं. त्या वेळच्या दरांनी अधिभार आणि उपकर धरले तर प्रत्यक्षात पावणेतेरा कोटींच्या थोडं वर उरत होते.

तुमच्या पगाराचंही ऐका. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत कर शून्य होतो म्हणून तुम्ही निश्चिंत असाल. ती सवलत एकूण उत्पन्न पाहून मिळते आणि यंदा एकूण उत्पन्नात बक्षीसही येतं. म्हणजे या वर्षी पगारावरही कर लागेल, त्यावरही अधिभार लागेल. रक्कम फार नाही, पण धरून ठेवा. कंपनीच्या एचआरला यातलं काही सांगायची गरज नाही. उरलेला कर स्वतःच्या पॅनवर ऑनलाइन चलनाने आगाऊ कर म्हणून भरा. आगाऊ कराच्या तारखा १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च. लॉटरी मध्येच लागली तर आधीच्या हुकलेल्या हप्त्यांचं व्याज त्या रकमेवर लागत नाही, पण पुढच्या हप्त्यांत भरावंच लागतं. रिटर्न आयटीआर-१ मध्ये चालत नाही, आयटीआर-२ भरायचा. आणि तो भरायला गावातल्या ओळखीच्या सल्लागाराकडे जाऊ नका. तो चांगला असेल, पण त्याच्या ऑफिसात बसणारी पोरं तुमच्याच गल्लीतली असतात. दुसऱ्या शहरातला सीए गाठा. अशिलाची माहिती बाहेर देणं हे आमच्याकडे १९४९ च्या सीए कायद्याखाली गैरवर्तन ठरतं.

सरकारपासून काही लपवायचा विचारही मनात आणू नका. तुमच्या पॅनवर टीडीएस दिसतोच. हा पूर्ण पांढरा, कर भरलेला पैसा आहे आणि पुढे कुणी विचारलं तर तेच तुमचं संरक्षण. गुप्तता पाळायची ती गल्लीपासून.

बँकेचं सांगतो. पगाराचं खातं असलेल्या गावातल्या शाखेत ही रक्कम घेऊ नका. दावा करण्याआधीच जिल्ह्याच्या किंवा पुण्या-मुंबईच्या ठिकाणी एखाद्या मोठ्या राष्ट्रीयीकृत किंवा बड्या खासगी बँकेत नवं खातं काढा, शक्यतो बायकोबरोबर संयुक्त. त्याचा मेसेज ज्या मोबाईलवर येतो तो पोरं गेम खेळायला घेतात का, हेही बघा. मला माहीत असलेल्या एका घरात बातमी तशीच फुटली: मुलगा फोनवर व्हिडिओ बघत होता, वर मेसेज आला, आकडा त्याने मित्राला मोठ्याने वाचून दाखवला. पासबुक छापून घरात ठेवू नका, स्टेटमेंट ई-मेलवर घ्या.

सहकारी बँक आणि पतसंस्था यांच्याबद्दल आपल्याकडे जिव्हाळा असतो, संचालक नात्यातला असतो. पण ठेव विमा एका बँकेत एका ठेवीदाराला पाच लाखांपर्यंतच आहे आणि पतसंस्थेला तोही नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला ठेवीदारांना फक्त एक हजार रुपये काढता येत होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेच्या ठेवीदारांना तर सुरुवातीला काहीच काढता येत नव्हतं. शिवाय पतसंस्थेत पन्नास लाखांची ठेव ठेवली की संध्याकाळपर्यंत संचालक मंडळाला कळतं.

पैसे जमा झाले की दोन दिवसांत बँकेतून फोन येईल. मॅनेजरसाहेब चहाला बोलावतील, आवाज एकदम गोड होईल. त्यांना वर्षाला दहा-वीस लाख हप्त्याची विमा पॉलिसी किंवा युलिप (शेअर बाजाराशी जोडलेली विमा पॉलिसी) द्यायची असते. तिथे एक वाक्य पाठ करून जा: "सहा महिने मी कशावरही सही करणार नाही." वर्षाला पाच लाखांपेक्षा जास्त हप्त्याच्या नव्या पारंपरिक पॉलिसीची मुदतपूर्तीची रक्कम आता करमुक्त नसते, युलिपला ती मर्यादा अडीच लाख आहे. ही माहिती सहसा चहाबरोबर येत नाही. सही झालीच असेल तर पॉलिसी हातात आल्यापासून तीस दिवसांत परत करता येते.

सहा महिने काहीच करायचं नाही म्हणजे पैसे बचत खात्यात लोळत ठेवायचे असं नाही. साडेबावीस लाख आणि पगारावरचा कर, थोडे जास्तच धरून, वेगळ्या मुदत ठेवीत टाका. त्या पैशाला हात लागणार नाही. बाकीचे दीड कोटी दोन-तीन मोठ्या बँकांत सहा महिने ते वर्षाच्या ठेवींत ठेवा, किंवा आरबीआय रिटेल डायरेक्टवरून ९१ दिवसांची ट्रेझरी बिलं (सरकारचे अल्पमुदतीचे रोखे) घ्या. परतावा एखाद टक्का कमी मिळाला तर मिळू दे. या काळात फक्त तीन खर्च करा: जास्त व्याजाचं कर्ज फेडा, घरातल्या सगळ्यांचा बरा आरोग्य विमा काढा आणि सल्ल्याची फी द्या. सहा महिन्यांनी सेबीकडे नोंदलेला, ठरावीक फी घेणारा गुंतवणूक सल्लागार गाठा. कमिशनवर चालणारा वितरक वेगळा आणि हा वेगळा. ठेवी, सरकारी रोखे आणि इंडेक्स फंड यांचं प्रमाण तुमचं वय, नोकरीची खात्री आणि मुलांची शिक्षणं यावर ठरेल. ते मी इथून आकड्यात सांगणार नाही. एवढं मात्र डोक्यात असू द्या की दीड कोटीवर साडेसहा टक्के व्याज धरलं तरी महिन्याला ऐंशी हजारांच्या आसपास होतं, त्यावर करही आहे आणि महागाईही. नोकरी सोडण्याइतकं हे मोठं नाही. शिवाय नोकरी सोडली की पहिला प्रश्न येतो, "मग आता चाललंय कसं?"

आता कागदांबद्दल, कारण हे कुणी सांगत नाही. जमीन घेतली की खरेदीखत नोंदलं जातं आणि सूची-२ (व्यवहाराचा सारांश असलेला उतारा) नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर कुणालाही शोधता येते. मग फेरफाराची नोटीस गावात लागते, सातबारा महाभूलेखवर दिसतो. म्हणजे गावालगत दोन एकर घेतलेत की दवंडी पिटल्यासारखंच. घर किंवा जमीन घ्यायचीच असेल तर वर्षभर थांबा, शक्य तर दुसऱ्या गावात फ्लॅट घ्या आणि थोडं गृहकर्ज काढा. कर्ज काढणाऱ्याकडे कुणी उसने मागायला येत नाही. सोसायटीचं पीककर्जही आडमोसमात एकरकमी फेडू नका. नेहमीच्या वसुलीच्या वेळी, नेहमीसारखं भरा. सचिवाला तुमच्या घरची आवक तुमच्यापेक्षा जास्त माहीत असते.

सरकारी योजनांची बाजूही आहे. घरात प्राप्तिकर भरणारा असला किंवा कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांवर असलं तर लाडकी बहीण योजनेचा लाभ घेता येत नाही. तुमच्या पाच लाखांच्या पगारावर तो आधीही घेता येत नव्हता, आणि तरीही घरात पैसे येत असतील तर आताच बंद करा. पीएम किसानमधून मागच्या वर्षी प्राप्तिकर भरलेला शेतकरी वगळला जातो. तो हप्ताही सोडा. रिटर्न भरल्यावर हे तपासात सापडतं, वसुली लागते आणि वसुलीच्या नोटिशीबरोबर सगळी कथा बाहेर येते. ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) दाखल्याला मागच्या आर्थिक वर्षाचं कुटुंबाचं सगळं उत्पन्न धरतात, मर्यादा आठ लाख. मुलीचा प्रवेश त्या दाखल्यावर व्हायचा असेल तर बक्षिसानंतरच्या वर्षी तो मिळणार नाही. त्याची तयारी आत्ताच ठेवा.

राहिले नातेवाईक. इथे कायदाही थोडा गमतीदार आहे. सख्ख्या भावाला, बहिणीला, आईला, मुलांना कितीही दिलंत तरी त्यांना कर नाही. तुम्ही पुतण्याला किंवा भाच्याला दिलंत तरी नाही. पण तुम्ही काकांना किंवा मामाला दिलंत तर त्यांच्या बाजूने तुम्ही 'नातेवाईक' या व्याख्येत बसत नाही, आणि वर्षात पन्नास हजारांवर रक्कम गेली की सगळीच त्यांच्या उत्पन्नात धरली जाते. चुलत-मावस भावंडं आणि मित्र यांचं तेच. बायकोला दिलेत तर तिला कर नाही, पण त्या पैशावरचं व्याज तुमच्याच उत्पन्नात जोडलं जातं. जे द्याल ते बँकेतून आणि साध्या बक्षीसपत्रावर (गिफ्ट डीड) लिहून द्या. तिकीट दोघा-तिघांनी वर्गणी काढून घेतलं असेल तर तो हिस्सा दावा करतानाच प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावा लागतो, नंतर वाटणी करायला गेलात तर मित्रांना वेगळा कर बसतो. तुमच्या प्रश्नात तसं काही दिसलं नाही, तरी विचारून ठेवतो.

मागणाऱ्यांना काय सांगायचं? मोठं खोटं रचू नका, ते टिकत नाही. "एक रक्कम सुटली, कर्ज फिटलं, बाकी ठेवींत अडकवलंय" एवढं पुरतं आणि ते खोटंही नाही. मदत करायची इच्छा असेल तर वर्षाची एक रक्कम ठरवा आणि शाळेची फी शाळेत, दवाखान्याचं बिल दवाखान्यात परस्पर भरा. उसने म्हणून देऊ नका. दिलेच, तर परत येणार नाहीत असं धरून द्या.

भावांबद्दल माझं मत तुम्हाला कदाचित आवडणार नाही. शेती सामाईक, आई एक; हे दोन-चार वर्षांत त्यांना कळणार, आणि बाहेरून कळलं तर रकमेपेक्षा लपवल्याचा राग जास्त राहील. पण पहिल्या दिवशी सांगू नका. पैसे ठेवींत बसले, कराचा हप्ता भरून झाला, तुम्ही नवरा-बायकोने काय द्यायचं ते ठरवलं, की मग दोन्ही भावांना एकत्र बसवून सांगा, आणि त्याच बैठकीत आकडा सांगा. काय देणार ते न ठरवता सांगितलंत तर भाऊच ते ठरवतील. त्यांचा स्वभाव, वहिनींचं बोलणं, आधीचे वाद हे तुम्हालाच माहीत. कोर्टात वाटणीचा दावा चालू असेल तर आधी वकिलाला विचारा. तिकीट तुमच्या स्वतःच्या पगारातून घेतलेलं असेल तर बक्षीस सामाईक ठरत नाही, पण भावांना कोर्टात दावा करायला कुणी अडवत नाही.

एक मार्ग बऱ्याच घरांत उपयोगी पडलेला पाहिला. आईचं वय साठच्या वर असेल तर तिला तीस लाखांपर्यंत बक्षीसपत्राने द्या आणि ते तिच्या नावे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. व्याज तिचं, ते तुमच्या उत्पन्नात जोडलं जात नाही, आणि घरातल्या लहानसहान मागण्या तिच्या हातून भागतात. फक्त हे लक्षात घेऊन द्या की मृत्युपत्र नसेल तर तिच्या माघारी ही रक्कम सगळ्या मुला-मुलींत सारखी वाटली जाईल. नॉमिनी म्हणून तुमचं नाव असलं तरी नॉमिनी मालक होत नाही. तुमचं स्वतःचं मृत्युपत्रही याच महिन्यात करून घ्या. साक्षीदार दोन लागतात, पण त्यांना मजकूर वाचायला द्यावा लागत नाही, त्यांनी फक्त तुमची सही होताना पाहून स्वतःची सही करायची असते. साक्षीला गावातले कुणी घेऊ नका. सीलबंद पाकिटात ते जिल्हा निबंधकाकडे ठेवायचीही सोय आहे.

तिकीट कोणत्या राज्याचं, सोडतीची तारीख कोणती आणि भावांशी कागदोपत्री वाटणी झालीय का, एवढं कळवलंत तर दाव्याची मुदत आणि आगाऊ कराचा कोणता हप्ता लागू होतो ते नेमकं सांगता येईल. तिकिटाचा नंबर मात्र मलाही पाठवू नका.